जळकोटमार्गे कोस्टा रिका

कोस्टा रिका हा देश मी नोकरीभर छडीच्या टोकाखाली झाकून शिकवला. उमरग्याच्या शाळेत माझा विषय भूगोल. भिंतीवरच्या नकाशात उत्तर अमेरिका संपते आणि दक्षिण अमेरिका सुरू होते, तिथं एक चिंचोळी पट्टी आहे. तिच्यावर छडी टेकवून मी म्हणायचे, "हे सगळे छोटे छोटे देश. पनामाचा कालवा तेवढा लक्षात ठेवा, परीक्षेत येतो." बाकीच्या देशांची नावं मी पोरांकडून कधी पाठ करून घेतली नाहीत. आता त्यातल्याच एका देशात माझी लेक संसार थाटून बसली होती आणि तिला सातवा महिना लागला होता.

जावई तिकडं वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहेत आणि लेक घरात बसून संगणकावर काम करते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. पण एवढा लांबचा प्रवास तिला झेपणारा नव्हता. तेव्हा मी फोनवर जाहीर करून टाकलं की तुला माहेरी येता येत नसेल तर माहेर तिकडं येईल. मला वाटलं, पोरगी गहिवरेल. ती म्हणाली, "ये ना आई. पण काळजी म्हणून येऊ नकोस हं. इथं दवाखाना एकदम मस्त आहे. तू आपली फिरायला म्हणून ये, निवांत."

फिरायला म्हणून! मी चार दिवस धुसफुसत होते. आमचे हे म्हणाले, "चांगलं सांगितलं की पोरीनं. तुला शब्दाचा कीस पाडून रागवायची सवयच हाय." यांचं हायवेवर ट्रकच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. जगातल्या सगळ्या अडचणी पाना लावला की सुटतात, अशी यांची समजूत. यांना कसं सांगू, की लेकीला माझी गरज आहे हे मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. ती लहानपणापासून अशीच. ताप आला तरी "मला बरं वाटतंय" म्हणत शाळेत जाणारी. सगळं स्वतःचं स्वतः निभावणारी लेक असली की लोक कौतुक करतात, पण आईला हातात काही काम उरत नाही.

हे विमानात बसायला तयार नव्हते. "दुकान कोण बघंल?" हे कारण सांगितलं, पण खरं कारण म्हणजे उंचीची भीती, हे आमच्या गच्चीच्या कठड्याजवळसुद्धा जात नाहीत. मग जावयांनी तोडगा काढला: माझ्यासोबत त्यांची आई. म्हणजे माझ्या विहीणबाई.

आता विहीणबाई मुरुमच्या. त्यांच्या घरचा डाळीचा व्यापार. लग्नात आमच्याकडून त्यांच्या नणंदेला आहेराची साडी जरा फिकी गेली, तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींशी इतक्या अदबीनं बोलायचो की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. "तुम्ही बसा आधी." "नाही, तुम्ही बसा." असं करत एकदा आम्ही दोघी नात्यातल्या एका अख्ख्या बारशात उभ्याच राहिलो होतो. अशा बाईबरोबर अर्धी पृथ्वी ओलांडायची या कल्पनेनंच माझं डोकं दुखायला लागलं.

पण दिल्लीच्या व्हिसाच्या फेरीत काय झालं कुणास ठाऊक. कागद जमा करून आम्ही बाहेर पडलो आणि फुटपाथवर उभं राहून छोले-भटुरे खाल्ले. विहीणबाईंच्या पदरावर रस्सा सांडला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं, आणि आम्ही दोघी जे हसत सुटलो ते पार हॉटेलवर येईपर्यंत. मग रात्रीच्या जेवणाला कुणीच "तुम्ही बसा आधी" म्हणालं नाही.

तिथून पुढं आम्हाला दोघींना प्रवासाचं भूतच लागलं. विहीणबाई दर बाजाराच्या दिवशी मुरुमहून उमरग्याला येऊ लागल्या. आम्ही दोघींनी साडीवर घालायला बूट घेतले. पांढरेशुभ्र, खाली जाड रबराचे. दुकानदारानं विचारलं, "नातवाला का?" तर विहीणबाई म्हणाल्या, "न्हाय, आमाला. आमी ज्वालामुखी बघाय चाललोय." त्यानं पुढं काही विचारलं नाही. ते बूट घालून आम्ही बसस्टँडपर्यंत चालायचा सराव केला. ओळखीच्या बायका वळून वळून बघत होत्या आणि आम्हाला त्याचं जे सुख होत होतं ते सांगता येत नाही.

मी मोबाईलवर तिकडची भाषा शिकायला घेतली. स्पॅनिशमध्ये पाण्याला 'अगुआ' म्हणतात, आभाराला 'ग्रासियास'. मी एकेक शब्द शिकून विहीणबाईंना फोनवर सांगायचे आणि त्या तो लगेच वापरून टाकायच्या. दूधवाल्याला ग्रासियास, गिरणीवाल्याला ग्रासियास. एकदा त्यांना मी तिकडच्या झाडावर उलटा लटकणारा स्लॉथ नावाचा प्राणी दाखवला. एक फांदी ओलांडायला त्याला निम्मा दिवस लागतो. विहीणबाईंनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "ह्यो आमच्या धाकल्या दिरावर गेलाय."

सगळ्यात मोठा बेत समुद्राचा होता. विहीणबाईंनी समुद्र कधीच बघितला नव्हता. मी त्यांना सांगितलं की हा देश इतका अरुंद आहे की सकाळी पॅसिफिकमध्ये पाय बुडवून निघालं तर दिवस मावळायच्या आत दुसऱ्या बाजूच्या पाण्यात पाय बुडवता येतात. त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. मग म्हणाल्या, "एका दिसात दोन समिंदर? खरं सांगताय का शाळेतलं सांगताय?" बाळ-बाळंतिणीचा सव्वा महिना झाला की एक दिवस सुट्टी घेऊन दोघींनी हे करायचंच असं ठरलं. घरी कुणाला सांगितलं नाही. हे ऐकलं असतं तर यांनी चिडवून चिडवून नको केलं असतं.

लेकीला मी रोज फोन करायचे. आमच्याकडं सकाळ झाली की तिच्याकडं आदली रात्र असते. ती रोज हसत बोलायची. "डिंकाचे लाडू आणू का?" "आण ना, पण ओझं करू नकोस." "बाळंतशेपा आणू?" "तुला वाटलं तर." "मी तुझं अंग चोळून देईन." "बघू गं, निवांत." या 'निवांत'चा मला इतका राग यायला लागला की एकदा मी फोन ठेवून कणीक तिंबताना परातच आपटली.

तर असं सगळं मजेत चाललेलं असताना विहीणबाईंनी मुहूर्ताचा विषय काढला. सुनेच्या बाळंतपणाला निघायचं तर दिवस बघून निघावं असं त्यांचं म्हणणं. तिकीट शुक्रवारचं होतं. त्यांच्या घरचे गुरुजी तुळजापूरचे, पिढ्यान्‌पिढ्याचे. मीही सोबत गेले. गुरुजींनी पंचांग उघडलं आणि विचारलं, "जायचं कोणत्या दिशेला?"

विहीणबाई म्हणाल्या, "हैदराबादेहून इमान हाय. म्हंजी पूर्व."

"मग शुक्रवार उत्तम," गुरुजी म्हणाले.

इथं मी गप्प बसले असते तर ही गोष्टच घडली नसती. पण भूगोल शिकवलेल्या बाईला चुकीची दिशा ऐकवत नाही. मी म्हणाले, "विमानतळ पूर्वेला आहे, पण देश पश्चिमेला आहे." गुरुजींनी पंचांगावरून बोट उचललं. "शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल. चालायचं नाही." मग मला वाटलं, अर्धवट सांगणं बरं नव्हे. मी म्हणाले, "तसं बघितलं तर पृथ्वी गोल आहे. पूर्वेकडून गेलं तरी तिथंच पोचतो. थोडं लांब पडतं इतकंच." आणि पिशवीतून नुकताच घेतलेला पृथ्वीचा गोल काढून त्यांच्यासमोर ठेवला. तो मी नातवासाठी घेतला होता.

गुरुजींनी गोल एकदा असा फिरवला, एकदा तसा फिरवला. माणूस भला, त्यांनी मला उडवून लावलं नाही. शेवटी म्हणाले, "बाई, आमच्या आजोबांपासून काशी-रामेश्वरापर्यंतचे मुहूर्त काढलेत. दोन्हीकडून सारखंच लागणारं गाव पहिल्यांदा आलं." आणि त्यांनी उपाय सांगितला तो असा, की शुक्रवारी निघायचंच असेल तर आधीचा चांगला दिवस बघून पश्चिमेला प्रस्थान ठेवा.

प्रस्थान ठेवणं आता फारसं कुणी करत नाही. मुहूर्त एका दिवसाचा आणि निघणं दुसऱ्या दिवसाचं असेल तर प्रवासातली एखादी मुख्य वस्तू, तांदूळ आणि सुपारी फडक्यात बांधून मुहूर्ताच्या वेळी गावाबाहेर, जायच्या दिशेच्या कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरतात. मग निघताना तिथून गाठोडं उचलायचं आणि तसंच पुढं जायचं. गाठोडं मधेच सोडायचं नाही, आणि एकदा उचललं की घरात पाऊल ठेवायचं नाही.

मला ही गंमत आवडली. मी म्हणाले, ठेवा. विहीणबाईंची ती नणंद, फिक्या साडीची, जळकोटला राहते. जळकोट आमच्या पश्चिमेला, हायवेवरच; गाठोडं तिच्याकडं ठेवायचं ठरलं. विहीणबाईंनी मला वस्तू मागितली तेव्हा मी एक हातरुमाल दिला. त्यांनी तो दोन बोटांत धरून बघितला आणि पिशवीत टाकला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी जावयांचा फोन आला. लेकीचं ब्लडप्रेशर वाढलं होतं. डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवून घेतलं होतं आणि कदाचित बाळ लवकर बाहेर काढावं लागेल असं म्हणाले होते. जावई शांतपणे बोलत होते, पण एकच वाक्य दोनदा म्हणत होते. त्यांनी आमची तिकिटं दुसऱ्याच दिवसाची करायला घेतली होती. "आई, पासपोर्टच्या पानाचा फोटो परत एकदा लगेच पाठवा," ते म्हणाले. मी लेकीला फोन द्यायला सांगितलं. ती म्हणाली, "अगं काही नाही, जरा बीपी वाढलंय. तू घाबरू नकोस." मी तिला घाबरू नकोस म्हणायचं, तर तीच मला म्हणत होती.

व्हिसा होऊन आलेले दोघींचे पासपोर्ट विहीणबाईंकडं होते, कारण त्यांच्या घरी कुरिअर घ्यायला कायम कुणीतरी असतं. मी मुरुमला फोन लावला.

"विहीणबाई, पासपोर्टचा फोटो काढून पाठवा. घाई आहे."

त्या म्हणाल्या, "त्ये निघाले की."

"कोण निघालं?"

"पासपोर्ट. आपल्या म्होरं गेलेत. जळकोटात हाईत."

मला आधी कळेना. मग कळलं आणि माझ्या तोंडून काय काय निघालं ते मी इथं लिहीत नाही. विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "गुरुजी म्हणले का न्हाय, परवासाची मुख्य वस्तू ठिवा? तुमी रुमाल दिला. रुमाल दावून इमानात घेत्यात व्हय?"

मी म्हणाले, ठीक आहे, आत्ता माणूस पाठवून मागवून घ्या. तर त्या म्हणाल्या, तसं करता येत नाही. प्रस्थान घरी परत आणायचं नसतं, आपणच तिथं जायचं आणि तिथून पुढं निघायचं. मी भडकले. म्हणाले, तिकडं माझी लेक दवाखान्यात आहे आणि तुम्ही मला शास्त्र सांगताय. तेव्हा विहीणबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "म्या काय शास्तर सांगाय बसली न्हाय ओ. माझं बी लेकरू तिथं एकटं बसलंय, दवाखान्याच्या बाकड्यावर. एवढं सुनंचं सुखरूप हू द्या. मग तुमी म्हणाल ती दिशा." मी फोन कानाला धरूनच बॅग बाहेर ओढली. मग म्हणाले, "तयारी करा. मी भाड्याची गाडी घेऊन येते."

मुरुमहून विहीणबाईंना घेतलं. दोघींनी पांढरे बूट घातले होते. डिकीत सामान कोंबलेलं, मांडीवर फरसाणाची पिशवी. वाटेत त्या नणंदेला सारखा फोन लावत होत्या आणि तो बंद लागत होता. जळकोटला पोचलो तर घराला कुलूप. मी कुलूप ओढून बघितलं. शेजारची म्हातारी म्हणाली, "रानात गेलीया. गाठुडं बी घिऊन गेलीया."

"गाठोडं रानात?"

"तिनं त्ये सोडलंच न्हाय की. गिरणीत बी नेती. परवा मयतीला बी नेलंतं." मग म्हातारीनं जरा विचार केला. "न्हाय, मयतीला न्हाय. तवा माझ्यापाशी ठिवलंतं. म्या धरून बसले हुते."

रस्ता सोडून आम्ही सोयाबीनच्या रानात शिरलो. काळी माती चिकट, पांढऱ्या बुटांचं काय झालं ते विचारू नका. लांबवर बायका खुरपत होत्या आणि त्यांच्यात एकीच्या पाठीला, झोळीत लेकरू बांधतात तसं, लाल फडक्याचं गाठोडं बांधलेलं होतं. ती विहीणबाईंची नणंद. आम्हाला बघून ती उठली. "वैनी, लवकर आलाव. शुक्रवार म्हणला हुता." गाठोडं सोडून विहीणबाईंच्या हातात देताना म्हणाली, "येक डाव बी खाली ठिवलं न्हाय. परस्थान येकटं ठिवायचं नसतंय."

फडकं सोडलं. तांदळात पासपोर्ट, घामानं जरा दमट, पण धडधाकट. माझा हातरुमाल त्यांच्याभोवती गुंडाळलेला. बांधावर उभं राहून मी फोटो काढला आणि जावयांना पाठवला. आणि मग आम्हाला हसू आलं. अशा वेळी येऊ नये, पण आलं. व्हिसाचा शिक्का घेऊन आमचे पासपोर्ट जळकोटच्या गिरणीत जाऊन आले होते. नणंदही हसायला लागली. तिनं खुरपं खाली ठेवून, हात पदराला पुसून, गाठोड्यातल्याच मूठभर तांदळांनी आमच्या दोघींच्या ओट्या भरल्या. मी तिच्या पाया पडले. ती म्हणाली, "अवो, तुमी इहीणबाई, तुमी कशाला पडताव?" मी म्हणाले, राहू द्या. फिक्या साडीचं मला फार वाईट वाटलं.

गाडीत बसतोय तोच फोन वाजला. लेक होती, तिकडं रात्र. मी हसत हसतच बोलायला सुरुवात केली. "अगं, आम्ही कुठं आहोत माहितंय का? जळकोटला. काय झालं ऐक," असं म्हणून तिला पासपोर्टची, गिरणीची, सोयाबीनची सगळी कथा सांगू लागले. मला तिला हसवायचं होतं. ती हसली नाही.

मग ती म्हणाली, "आई, तू कधी पोचशील?"

मी म्हणाले, उद्याचं विमान आहे.

"मला खूप भीती वाटतेय. मघाशी यांच्यासमोर बोलले नाही." आणि मग ती रडायला लागली. लहान मुलीसारखी, नाक ओढत. "तू ये गं लवकर."

इतके दिवस जे ऐकायला मी तडफडत होते ते ऐकलं, आणि मला वाटलं, देवा, हे नको होतं. तिनं आपलं निवांत म्हणायला हवं होतं. विहीणबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, "बाळा, आमी निघालोय. आता मदी कुठं थांबत न्हाय."

जळकोटहून हैदराबादला जाताना उमरगा लागतंच, आणि आमचं घर हायवेपासून हाकेच्या अंतरावर. यांचा फोन आला होता, की माझ्या गोळ्यांची पिशवी आणि लाडवांचा डबा ओट्यावरच राहिलाय. गाडी गल्लीत थांबली. हे दारात उभे. "ये, आत ये," म्हणाले, "तोंडावर पाणी मार, चहा टाकलाय. पाच मिनिटांनी काय होतं?"

मी गाडीतून उतरले, पण रस्त्यावरच थांबले. आमचा उंबरा माझ्या समोर होता. नोकरीभर मी पोरांना सांगत आले की मांजर आडवं गेल्यानं काही होत नाही.

"नको," मी म्हणाले. "इथंच आणून द्या. मी घरात पाय ठेवणार नाही."

हे एरवी चेष्टेची एक संधी सोडत नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या गुडघ्यापर्यंत लागलेल्या चिखलाकडं बघितलं, गाडीत गाठोडं छातीशी धरून बसलेल्या विहीणबाईंकडं बघितलं. मग आत गेले आणि पिशवी, डबा आणि तोंडावर मारायला पाण्याचा तांब्या रस्त्यावर घेऊन आले.